कॅमेऱ्यातली गरिबी आणि माझा पत्ता

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळाची आणि विचारांची जबाबदारी माझी!

दुसरी कबुली जरा मोठी आहे. गेली अडीच वर्षं हॉस्टेलवर कुणी विचारलं, "मुंबईत कुठे राहतेस गं?" की मी "सायन" सांगत आले. सायन स्टेशन आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, म्हणजे ते अगदीच खोटं नव्हतं. पण माझं घर धारावीत आहे. आजोबा १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातून आले ते तिथेच राहिले. पप्पा चामड्याच्या बॅगांच्या कारखान्यात कटिंगचं काम करतात.

हे आज का सांगतेय? कारण गेल्या सेमिस्टरला सबमिशन संपलं त्या रात्री आपल्या कॉमन रूममध्ये प्रोजेक्टर लावून 'स्लमडॉग मिलेनियर' दाखवला होता. संडासाच्या खड्ड्यात उडी मारायचा सीन आला तेव्हा अख्खी रूम "ईऽऽऽ" करून किंचाळली. पिक्चर संपल्यावर नेहमीप्रमाणे दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणाली, "या गोऱ्यांना आपली घाणच दिसते. मेट्रो नाही दिसत, इस्रो नाही दिसत!" दुसरी म्हणाली, "मग काय खोटं दाखवलंय? आहेच की सगळं." तेवढ्यात एका ज्युनियरने अगदी साधेपणाने विचारलं, "पण तिकडे खरंच असं असतं का?"

त्या रूममध्ये या प्रश्नाचं उत्तर देऊ शकणारी मी एकटीच होते. मी म्हणाले, "काय माहीत," आणि बाटली घेऊन पाणी भरायला निघून गेले.

त्या "काय माहीत"ची भरपाई म्हणून हा लेख.

भांडण जुनंच आहे

मला वाटायचं हा वाद 'स्लमडॉग'पासून सुरू झाला. तो आला तेव्हा मी तीन-चार वर्षांची होते. पण शोधायला गेल्यावर कळलं की आपल्या आजी-आजोबांच्या काळातही हेच भांडण चालू होतं.

लुई माल नावाचा फ्रेंच दिग्दर्शक १९६८ साली फक्त दोन साथीदार घेऊन भारतात आला. हातात पटकथा नाही, काही नाही. काही महिने तो देशभर फिरला. त्यातून 'कलकत्ता' हा माहितीपट आणि 'फँटम इंडिया' ही सात भागांची मालिका तयार झाली. १९७० साली बीबीसीने ती दाखवल्यावर आपलं सरकार भडकलं. दाखवणं थांबवा, अशी मागणी केली. बीबीसीने ऐकलं नाही, आणि त्याच वर्षी त्यांचं दिल्लीतलं ऑफिस बंद झालं!

पुढे १९९२ साली रोलँड जॉफेचा 'सिटी ऑफ जॉय' आला. डॉमिनिक लापिएरच्या १९८५ सालच्या पुस्तकावरचा. शूटिंग चालू असतानाच कोलकात्यात मोर्चे निघाले. शहराची बदनामी होतेय अशी लोकांची तक्रार होती. मग २००८ सालचा 'स्लमडॉग', डॅनी बॉइलचा. भारतात तो जानेवारी २००९ मध्ये लागला आणि पुढच्याच महिन्यात त्याला आठ ऑस्कर मिळाली. नावातल्या 'डॉग'वरून निदर्शनं झाली, आणि रेहमान, गुलजार, रसूल पूकुट्टी यांना ऑस्कर मिळालं म्हणून पेढेही वाटले गेले. एकाच पिक्चरवर राग आणि अभिमान दोन्ही!

पण गंमत अशी की "गरिबी विकतात" हा आरोप फक्त परदेशी लोकांवर झालेला नाही. १९८० साली राज्यसभेत खासदार असलेल्या नर्गिस यांनी हाच आरोप सत्यजित राय यांच्यावर केला होता. म्हणजे 'मदर इंडिया'च्या नायिकेने 'पथेर पांचाली'च्या दिग्दर्शकावर! आपल्या मराठीतलं उदाहरण घ्या. जयवंत दळवींच्या 'चक्र' कादंबरीवर १९८१ साली हिंदी चित्रपट निघाला. मुंबईच्या झोपडपट्टीची गोष्ट. स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण जाहिरातीच्या पोस्टरवर काय आलं? तिचं उघड्यावर आंघोळ करतानाचं दृश्य. ते पोस्टर काही लंडनहून छापून आलं नव्हतं.

तेव्हा प्रश्न पासपोर्टचा नाही. मग कशाचा आहे?

फ्री बॉडी डायग्राम

आपल्याला फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये फ्री बॉडी डायग्राम शिकवतात. एखादा ब्लॉक बाजूला काढायचा, पण ज्या ज्या गोष्टीला तो टेकलेला आहे तिथे तिथे बाण काढायचे. दोरी कापली तर टेन्शनचा बाण काढ, जमीन काढली तर रिअॅक्शनचा बाण काढ. एक बाण विसरलो की सर लाल पेनाने गोल करतात आणि उत्तर चुकतं. ब्लॉक कितीही सुबक काढलेला असो!

माझ्या मते परदेशी (आणि बऱ्याचदा देशी) कॅमेरा नेमकं हेच करतो. झोपडपट्टी उचलून बाजूला काढतो, फार सुबक काढतो, पण बाण काढायला विसरतो. ही माणसं इथे का आली, इथे कुणासाठी काम करतात, शहराला त्यांची काय गरज आहे, हे सगळे बाण. ते गेले की उरते फक्त घाण, गर्दी आणि मोठ्या डोळ्यांची मुलं. मग बघणाऱ्याला वाटतं, गरिबी म्हणजे पावसासारखी आकाशातून पडलेली काहीतरी गोष्ट आहे.

असं का होतं, याची कारणं शोधली तर ती फार वाईट हेतूची वाटत नाहीत. बरीचशी साधी, कामातली कारणं आहेत.

पहिलं कारण भाषा. 'सिटी ऑफ जॉय'मध्ये ओम पुरी बिहारमधून आलेला रिक्षा ओढणारा हसारी पाल झालाय. काम इतकं सुंदर केलंय की काय सांगू! पण हा माणूस घरात बायकोशीसुद्धा इंग्रजीत बोलतो. का? तर बघणारा प्रेक्षक इंग्रजी आहे. गरीब माणसाची भाषा काढून घेतली की त्याचे विनोद जातात, शिव्या जातात, टोमणे जातात. उरतं फक्त दुःख, कारण दुःखाला भाषा लागत नाही. 'स्लमडॉग'ने इथे सुधारणा केली. लहानपणीचा भाग हिंदीत ठेवला, आणि म्हणूनच तो भाग सगळ्यात जिवंत वाटतो.

दुसरं कारण प्रेक्षकाचा प्रतिनिधी. तिकडच्या प्रेक्षकाला हात धरून आत नेणारं कुणीतरी त्याच्यातलं लागतं. म्हणून 'सिटी ऑफ जॉय'मध्ये पॅट्रिक स्वेझी अमेरिकन डॉक्टर होऊन येतो, आणि वस्तीतला दवाखाना एक आयरिश बाई चालवते. गोष्ट कोलकात्याची, पण मन बदलतं ते अमेरिकन माणसाचं. वस्तीतले लोक जणू त्याची प्रयोगशाळा.

तिसरं कारण पैसा. 'स्लमडॉग'ला सुमारे दीड कोटी डॉलर खर्च आला आणि जगभरातून सदतीस कोटी डॉलरहून जास्त कमाई झाली. एवढ्या लोकांना थिएटरात बसवायचं तर वेग पाहिजे, खलनायक पाहिजे, प्रेमकथा पाहिजे. भिकाऱ्यांच्या टोळीचा म्होरक्या मुलाचे डोळे घालवतो, हे पडद्यावर दिसतं. पीसरेटवर बारा तास बसून एका बॅगेमागे ठरलेले पैसे मिळतात, हे दिसत नाही. त्यात धावपळ कुठेय?

आणि एक तांत्रिक कारणही आहे, ते तुम्हाला आवडेल. 'स्लमडॉग'चा कॅमेरामन अँथनी डॉड मँटल याने एसआय-२के नावाचा छोटा डिजिटल कॅमेरा वापरला. कॅमेऱ्याचं डोकं हातात आणि रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटर पाठीवरच्या सॅकमध्ये. त्यामुळे अरुंद गल्ल्यांतून मुलांच्या मागे पळता आलं, मोठ्या कॅमेऱ्याभोवती जमते तशी गर्दी जमली नाही. प्रामुख्याने डिजिटलवर चित्रित झालेल्या चित्रपटाला छायाचित्रणाचं ऑस्कर पहिल्यांदा मिळालं ते यालाच. इंजिनिअर म्हणून मला याचं भारी कौतुक वाटतं. पण तोच कॅमेरा मग वर वर जातो, आणि पत्र्यांची छपरं गोधडीसारखी दिसायला लागतात. फार देखणा शॉट आहे तो. मी त्या छपरांकडे बघून विचार करत होते की पावसाळ्यात यातलं कुठलं गळत असेल.

माझे चार प्रश्न

आता कुठलाही असा पिक्चर बघताना मी मनातल्या मनात चार प्रश्न विचारते. तुम्हीही विचारून बघा.

एक : काम दिसतं का? धारावी जेमतेम दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरची आहे. तिथली लोकसंख्या कुणी सहा लाख सांगतं, कुणी दहा लाख. या एवढ्याशा जागेत कुंभारवाडा आहे, चामड्याचे कारखाने आहेत, शिलाईचे गाळे आहेत, आणि अख्ख्या मुंबईचं प्लास्टिक, पुठ्ठा, पत्रा वेगळा करून पुन्हा वापरात आणणारे लोक आहेत. आमच्या गल्लीत सकाळी आठला मशिनचा आवाज सुरू होतो तो रात्रीपर्यंत. तुमच्यापैकी काहीजणींच्या खांद्यावरच्या पर्सचं कटिंग कदाचित पप्पांनी केलेलं असेल! पण पडद्यावरची झोपडपट्टी बहुतेक वेळा बेकार असते. लोक नुसते बसलेले, पळत असलेले किंवा मार खात असलेले.

दोन : कोण बोलतं? गरीब माणूस स्वतःबद्दल काही म्हणतो, की त्याच्याबद्दल दुसरंच कुणी बोलतं?

तीन : कारण दिसतं का? म्हणजे मगाचचे बाण. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतले सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. एवढे लोक आळशी असतील का हो? आजोबांच्या बाबतीत बाण दुष्काळाचा होता आणि मुंबईत भाडं न परवडण्याचा. बस, इतकंच.

चार : बाहेर पडायची वाट कुठली दाखवली? 'स्लमडॉग'मध्ये ती वाट म्हणजे दोन कोटींचा क्विझ शो. नशीब! मला यावरच सगळ्यात जास्त राग आला. आमच्याकडे बाहेर पडायची वाट म्हणजे आईने रात्री दोनपर्यंत कपड्यांचे धागे कापून भरलेली शाळेची फी. त्यात नशिबाचा भाग फार थोडा.

आता संडासाच्या सीनबद्दल. तुम्ही "ईऽऽऽ" केलंत त्याचा मला राग नाही. तो सीन विनोदीच आहे, आणि म्हणे ती घाण पीनट बटर आणि चॉकलेटची होती. पण आमच्या वस्तीतल्या सार्वजनिक संडासाची माझी आठवण वेगळी आहे. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत मी पहाटे साडेचारला उठायचे. अभ्यासासाठी नाही, रांग लागायच्या आत जाऊन यायला. रात्री नऊनंतर पाणी प्यायचं नाही, हा आमच्या घरातल्या बायकांचा नियम होता. रात्री जायची वेळ आलीच तर आई बरोबर यायची, बाहेर टॉर्च घेऊन उभी राहायची. हॉस्टेलवर आल्यावर पहिल्या रात्री मी दोन ग्लास पाणी पिऊन झोपले. तुम्ही सगळ्या घरच्या आठवणीने रडत होतात आणि मी मनातून खूश होते!

ही गोष्ट कुठल्याही परदेशी पिक्चरमध्ये मला दिसली नाही. त्यात काही नाट्य नाही, घाणही दिसत नाही. नुसती एक मुलगी पाणी पीत नाही, एवढंच. पण गरिबी बहुतेक वेळा अशीच असते.

सगळेच सारखे नाहीत

नुसती टीका करून थांबले तर माझ्या डायग्राममध्येही बाण राहून जातील. परदेशातून आलेल्यांनी वेगळंही केलेलं आहे.

इटलीचा रोबेर्तो रोसेलिनी. त्याचा 'इंडिया : मातृभूमी' १९५९ सालचा. त्यातली एक गोष्ट खास आपल्या सिव्हिलवाल्यांसाठी! पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेला एक कामगार हिराकूड धरणावर वर्षानुवर्षं राबलाय. धरण पूर्ण झालं, आता त्याला दुसरीकडे जायचंय. निघायच्या आधी तो आपण बांधलेलं सगळं एकदा फिरून बघतो. माणूस गरीबच आहे, पण कॅमेरा त्याला त्याच्या कामासकट दाखवतो. आपल्या पुस्तकात धरणाची लांबी असते, उंची असते, काँक्रीटचं प्रमाण असतं. हा माणूस नसतो. तो मला एका इटालियन माणसाने दाखवला.

लुई माललाही सरसकट नावं ठेवता येत नाहीत. त्याच्या मालिकेच्या पहिल्या भागाचं नावच 'अशक्य कॅमेरा' अशा अर्थाचं आहे. लोक थेट कॅमेऱ्याकडे टक लावून बघतात, आणि तो ते कापून टाकत नाही. आपण इथे आगंतुक आहोत, हे तो स्वतःच बोलून दाखवतो. सुरुवातीला तो आपल्याकडच्या इंग्रजी बोलणाऱ्या मोजक्या लोकांना बोलू देतो, आणि मग सांगतो की बाकीच्या सगळ्या देशाच्या वतीने हेच बोलत असतात. हे ऐकून माझे कॉन्व्हेंटचे कान लाल झाले!

मीरा नायर तर जन्माने इथल्याच, शिकायला अमेरिकेत गेलेल्या. त्यांचा 'सलाम बॉम्बे!' १९८८ सालचा. रस्त्यावरच्या मुलांना आधी कार्यशाळेत शिकवून मग त्यांच्याकडूनच कामं करून घेतली. आपला नाना पाटेकरही त्यात आहे. चित्रपटानंतर त्या मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट सुरू झाला, तो पुढे वाढत गेला. तरीही त्यातला मुख्य मुलगा, ज्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो पुढे बंगळुरात रिक्षा चालवू लागला. 'स्लमडॉग'मधल्या दोन लहान कलाकारांची वांद्र्यातली घरं तर ऑस्करनंतर तीन महिन्यांत, मे २००९ मध्ये पाडली गेली. निर्मात्यांनी त्यांच्या शिक्षणासाठी आणि घरासाठी ट्रस्ट केला होता, हेही खरं आहे. यातून मला एवढंच कळलं की कॅमेऱ्याने एखाद्या मुलाचं भलं होऊ शकतं, पण जे बाण त्याच्या घरावर दाबत असतात ते पिक्चर संपला तरी तिथेच असतात.

आनंद पटवर्धनांचा 'हमारा शहर' हा १९८५ सालचा माहितीपट मुंबईतल्या झोपड्या पाडण्यावर आहे. दिग्दर्शक इथलाच, गरिबांच्या बाजूचा. तरी त्यातली एक बाई त्यालाच सुनावते : तू आमचं चित्र घेऊन जाशील, तुझं नाव होईल, आमचं काय होणार? आणि पटवर्धनांनी ते ठेवलं, कापलं नाही. मला वाटतं, या विषयावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न त्या बाईने विचारलाय. आणि नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त (२०१४ साली तो थिएटरात लागला) शेवटी जब्या जो दगड भिरकावतो, तो सरळ आपल्या दिशेने येतो. ज्याच्याकडे इतका वेळ आपण बघत होतो, त्याने आपल्याकडे बघितलं!

आणि आपण?

शेवटी एक गोष्ट सांगून थांबते. गेल्या हिवाळ्यात आपला एनएसएसचा कॅम्प होता. आठवतोय ना? सात दिवस श्रमदान, बंधारा, पथनाट्य. कॅम्प संपल्यावर ग्रुपवर दोनशेच्या वर फोटो आले. मी परवा ते पुन्हा बघितले. शेंबडं नाक असलेली मुलं, तुटकी चप्पल, सुरकुतलेली आजी, आणि मधे आपण, गॉगल लावून. बंधाऱ्याचा दगड कसा रचायचा हे ज्या काकांनी आपल्याला शिकवलं, त्यांचा दगड रचतानाचा एकही फोटो नाही. त्यांचं नावही आपल्यापैकी कुणाला आठवत नाही. मलाही नाही. आणि ते फोटो काढणाऱ्यांत मीसुद्धा होते. धारावीची मी!

डॅनी बॉइलला नावं ठेवणं सोपं आहे. त्याने निदान कुणाला तरी विचारून शूटिंग केलं असेल. आपण त्या आजीला विचारलंही नाही.

यंदाच्या कॅम्पला मी दोन गोष्टी करणार आहे. फोटो काढायच्या आधी विचारणार, आणि त्या काकांचं नाव विचारून घेणार. जमलं तर काढलेले फोटो प्रिंट करून त्यांना नेऊन देणार.

आणि हो, त्या ज्युनियरला उत्तर द्यायचं राहिलंय. हो गं, काही गोष्टी तशा आहेत, बऱ्याचशा नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत माझ्याबरोबर चल. आई बोंबलाची चटणी करेल, पप्पा कारखाना दाखवतील. घर लहान आहे, पण झोपायला जागा होईल.

सायन स्टेशनला उतरायचं. तिथून दहा मिनिटं चालत, धारावी.

— टी. ई. (सिव्हिल), लेडीज हॉस्टेल